कंटाळ्यातला काटा

संक्रांतीच्या आसपासचे दिवस, संध्याकाळचे साडेपाच. नाशकात गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या समोर तीन पोरं बसलीत, मोबाईलची बॅटरी संपत आलीय आणि त्यातला एक दर दोन मिनिटांनी म्हणतोय, "लई बोर होतंय भो."

गंमत म्हणजे बाजूलाच एक मावशी पाटीत बोरं घेऊन बसल्यात. ही बोरं आपली, तो बोर इंग्रजांचा, आणि तिकडंपण या अर्थानं तो काही फार जुना नाही, अठराव्या शतकातला.

मग आपला कंटाळा कुठला? गुजरातीत पण आहे तो, कंटाळो. सुरुवातीचा कंट दोघांतही दिसतो, आणि आपला काटा आला संस्कृत कण्टकावरून. संस्कृतात कण्टकित म्हणजे काटेरी, आणि अंगावर काटा आलेलासुद्धा. माझं आपलं मत, कंटाळ्यात हाच काटा बसलाय. का, तर मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश काढून बघा, पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७, त्यात कंटाळा म्हणजे टाइमपास होत नाही असलं काही नाहीये, सरळ तिटकारा, नकोसं होणं. उबग पण अर्थानं त्याच घरातला, तो उद्वेगातून आला. फ्रेंच लोकांचा ऑन्वी, म्हणजे त्यांचा कंटाळा, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला द्वेष आहे. जर्मन मात्र घड्याळ बघत बसले, त्यांचा लांगेवाइले म्हणजे लांबलेला वेळ, बस.

आणि हा जुना अर्थ मेलेला नाही हां. पेपरात येतं ना, 'आजारपणाला कंटाळून'? तिथं बोर घालून बघा. वाक्य वाचवणार नाही.

घरात भांडी घासायचा कंटाळा येतो तिथंही बोर चालत नाही, कारण तो धड आळस पण नाही, काम माहितीये, वेळ आहे, हातपाय धड आहेत, फक्त उठवत नाही. शिवाय कंटाळा 'मला' येतो, ताप येतो, झोप येते, उलटी येते तसा. आपण काही केलेलंच नसतं!

शेवटी पोरांनी बोरं घेतली, दहा रुपयांची, वर मीठ मागून. एकानं विचारलं, "मावशी, दिवसभर बसून कंटाळा नाही येत?"

"येतो ना. पण पाटी कोण उचलंल?"