तो 'टुं' कुठून येतो?

(पडदा काळा. आधी खरखर, मग बारीकसा 'टुं'.)

हा 'टुं' तुम्ही नक्की ऐकलाय. अपोलो मोहिमांच्या जुन्या ध्वनिफितींत दर दोन वाक्यांमागे तो येतो. वाटतं, चंद्राजवळच्या यानातलाच असणार. तसं नाही. तो इथलाच, पृथ्वीवरचा, ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राचा.

यानाशी बोलणारा ह्यूस्टनचा माणूस म्हणजे कॅपकॉम. पण त्याचा आवाज चंद्राकडे पाठवणाऱ्या 26 मीटरच्या तबकड्या होत्या कॅलिफोर्नियात, स्पेनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात. पृथ्वी फिरली तरी चंद्र कुणा एकीच्या टप्प्यात हवाच ना! ह्यूस्टनचा आवाज तिथवर दूरध्वनीच्या लाइनवरून जायचा. मग तिथल्या यंत्राला कळणार कसं, की आता प्रक्षेपण सुरू करायचं? त्यासाठी निराळी लाइन घेणं महागाचं काम. म्हणून खूण आवाजाच्याच लाइनवर घातली. कॅपकॉमने बटण दाबलं, 2525 हर्ट्झचा सूर. सोडलं, 2475 चा. दोन्ही पाव सेकंदाचे.

(दोन्ही सूर पाठोपाठ.)

दुसरा किंचित खाली लागतो. ऐकलात?

आता यानाकडचं टोक. काचेच्या घुमटासारखं हेल्मेट एकदा चढवलं की माइक घसरला तरी हात आत जात नाही. म्हणून माइक डोक्यालाच घट्ट बसणाऱ्या कापडी टोपीत. एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून माइक दोन, इअरफोनही दोन. दुरंगी टोपी, कार्टूनमधल्या कुत्र्यासारखी दिसणारी, म्हणून नाव पडलं 'स्नूपी कॅप'. कोट्यवधी डॉलरच्या सरंजामात मला सगळ्यात लोभस वाटते ती हीच.

मुख्य यानाच्या प्रक्षेपकाची ताकद सुमारे 20 वॅट. घरातली एलईडी ट्यूब साधारण तेवढीच खाते. आणि अंतर पावणेचार लाख किलोमीटरहून जास्त. प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला अडीच सेकंदांच्या वर जात.

20 जुलै 1969. अपोलो 11 चं उतरणारं यान 'ईगल' चंद्रावर उतरायच्या बेतात, आणि नेमका त्याचा संपर्क तुटू लागला. अँटेना पृथ्वीवर नीट रोखलेला राहीना. ह्यूस्टनने उतरायला होकार दिला, पण तो ईगलपर्यंत पोचेना. वर मुख्य यानात, 'कोलंबिया'त, मायकेल कॉलिन्स एकटे होते. त्यांना ह्यूस्टन स्वच्छ ऐकू येत होतं, आणि दोन यानांमधला छोटा रेडिओही चालू होता.

तो होकार ईगलला कॉलिन्सनी कळवला.

(खरखर. 'टुं'.)