नाशिकची मातीची गढी

श्रोतेहो, नमस्कार. नाशिकला आलेला पाहुणा रामकुंडावर जातो, काळारामाचं दर्शन घेतो, वेळ उरला तर पांडवलेणी चढतो. जुन्या नाशकात गोदेच्या काठावर उभ्या असलेल्या मातीच्या गढीकडे मात्र त्याला कुणी नेत नाही. आज तिच्याविषयीच बोलायचं आहे.

वरवर पाहिलं तर दाटीवाटीनं घरं असलेलं एक टेकाड. पण ते निसर्गानं घडवलेलं नाही. मातीची घरं पडायची, लोक जागा चोपून सपाट करायचे आणि तिथंच नवं घर बांधायचे. अशी पिढ्यान्‌पिढ्या ही पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, उंचावत गेली.

१९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथं उत्खनन केलं. वरच्या थरांत मुसलमानी आणि मराठा अमदानी, त्याखाली सातवाहनांचा काळ, आणि तळाशी ताम्रपाषाण युगातली, म्हणजे माणूस तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायचा त्या काळातली वस्ती! लाल भांड्यांवर काळ्या रेघांची नक्षी, आणि दगडाची बारीक धारदार पाती. भांडी चाकावर घडवलेली, अशी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर खणखणावीत. संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावात तशीच भांडी निघाली आणि त्या संस्कृतीला जोर्वेचंच नाव मिळालं. हा काळ सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. पांडवलेण्यांवर पहिली छिन्नी पडायला तेव्हा हजारभर वर्षांचा अवकाश होता. नाशिक किती जुनं, याचं उत्तर लेण्यांत नाही, या मातीत आहे.

ही माती पावसाळ्यात ढासळते. कडेला राहणाऱ्या कुटुंबांचा जीव टांगणीला लागतो; संरक्षक भिंतीची त्यांची मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. माणसं आधी, यात दुमत नसावं. पण भिंतीचा पाया खणताना हेच थर कापले जातील. म्हणून अभियंत्यांबरोबर पुरातत्त्वाचे जाणकार पहिल्या दिवसापासून हवेत. ढासळलेली कड हा थरांचा आयता उघडा पडलेला उभा छेद आहे. तो खरवडून साफ करावा, थर मोजावेत, छायाचित्रं घ्यावीत, मग भिंत खुशाल उभी राहावी.

आणि तिथं एखादं नक्षीचं खापर दिसलं, तर कृपा करून उचलून घरी नेऊ नका. जागेवरून हललं की ते कोणत्या थरातलं, हे मग कुणालाच सांगता येत नाही. नमस्कार.