टेस्टर पेटतो, मग दिवा का लागत नाही?

मित्रहो, दिवा बंद पडला की आपण सर्वांत आधी दिव्यालाच दोषी धरतो, आणि माझी इतक्या वर्षांची तक्रार नेमकी याविषयीच आहे. फेजची, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या तारेची, चौकशी सगळे करतात. काळ्या तारेची, म्हणजे वीज परत नेणाऱ्या न्यूट्रलची, कोणी करत नाही.

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरी न्हाणीघरातला साधा पिवळा बल्ब एका गुरुवारी लागेना. देखभालीसाठी दिवसभर बंद असलेली वीज संध्याकाळी आली, सारे घर उजळले आणि न्हाणीघर तेवढे अंधारात राहिले. मी बल्ब बदलला, दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत जाऊन होल्डर आणला, त्यानंतर बटणही नवे बसवले. होल्डरच्या एका स्क्रूला टेस्टर लावल्यावर तो पेटत होता, म्हणून वायरमन आले तेव्हा मी त्यांना ठामपणे सांगितले की सप्लाय व्यवस्थित आहे. त्यांनी काही न बोलता, बल्ब जागेवर ठेवूनच, टेस्टर दुसऱ्या स्क्रूला टेकवला, तर तो तिथेही पेटला. मग बल्ब काढून पाहिले, तेव्हा टेस्टर एकाच बाजूला पेटला.

त्या क्षणी जे उमगले तेच सांगण्यासाठी मी आज इथे उभा आहे. न्यूट्रल तुटली की फेज बल्बच्या तारेतून पलीकडच्या स्क्रूपर्यंत पोहोचते, पण पुढची वाट बंद असल्यामुळे दिवा लागत नाही. टेस्टरमधला निऑनचा चिमुकला दिवा मात्र आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर पेटतो. त्यामुळे फेज आहे एवढेच तो सांगू शकतो, न्यूट्रल शाबूत आहे की नाही हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. जंक्शन बॉक्स उघडला तेव्हा काळ्या तारांचा जोड नुसता पीळ देऊन टेपने गुंडाळलेला निघाला. गिझरच्या वाफेने टेपचा डिंक सुटला होता आणि तांब्यावर हिरवा कळंक चढला होता.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा तपासणीचा जो क्रम सांगण्याचे कबूल केले होते तो भराभर सांगतो. घरातले सगळेच दिवे गेले असतील तर आधी एमसीबी, म्हणजे बिघाड होताच आपोआप पडणारी बोर्डावरची कळ, पाहावा, आणि तो वर करताच पुन्हा पडला तर हट्टाने उचलू नये, वायरमनला बोलवावे. एकच दिवा बंद असेल तर चालू असल्याची खात्री असलेला दुसरा बल्ब तिथे लावून पाहावा. तोही लागला नाही तर टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरला दोन सुट्या तारा जोडलेला साधा बल्ब, फेज आणि न्यूट्रलमध्ये लावावा; टेस्टर फेज दाखवत असूनही तो लागला नाही, तर न्यूट्रल तुटली असे समजावे.

जुन्या ट्यूबची फक्त टोके लाल राहत असतील तर स्टार्टर चिकटलेला असतो. तो काढताच बहुधा ट्यूब लागते. एलईडीच्या पट्टीला चोक आणि स्टार्टर नसतात, म्हणून दोन्ही तारांवर टेस्ट लॅम्प पूर्ण तेजाने लागूनही पट्टी अंधारीच राहिली, तर तिच्यातला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग, गेला असे समजावे. बटण बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत असेल तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले असण्याची शक्यता असते. अशा जोडणीत बटण बंद करूनही होल्डरमध्ये 230 व्होल्ट उभे असतात, त्यामुळे केवळ बटणावर विसंबून कधीही हात घालू नये. एमसीबी पाडावा, टेस्टर आधी चालू प्लगमध्ये पेटतो की नाही ते पाहावे, आणि मगच तो होल्डरला लावून खात्री करावी.

टेस्ट लॅम्प मी बरोबर आणला आहे. तो फेज आणि न्यूट्रल या दोन तारांमध्ये कसा लावायचा, हे प्रश्नोत्तरांच्या वेळी इथल्याच बोर्डावर दाखवतो.