तीन तुकडे भाकरीचे

[दृश्य : पांढऱ्या ट्रेमध्ये तीन वाट्या. प्रत्येकीत भाकरीचा एक चौकोनी तुकडा. वाट्यांवर मार्करनं लिहिलेले आकडे : ४१७, ८६२, २९५.]

निवेदन :

बाजरीची भाकरी. तीळ लावलेले नाहीत, पिठात मीठ नाही, सोबत ठेचा नाही की लोणी नाही. कडाही कापून टाकल्यात. तीन तुकड्यांपैकी दोन एकाच पिठाचे आहेत, एक दुसऱ्या पिठाचा. तो एक कोणता, एवढंच सांगायचं.

आवडली का, असं इथं कुणी विचारणार नाही.

लातूरच्या बाजूला असलेलं हे एक अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय. तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं आज प्रॅक्टिकल आहे. विषयाचं पुस्तकातलं नाव अन्नाचं संवेदी मूल्यमापन. मुलं नुसतं 'सेन्सरी' म्हणतात, आपणही तेच म्हणू. वेळ सकाळी साडेदहाची, आणि ती मुद्दाम निवडलेली. नाश्ता जिरलेला असतो आणि जेवणाची भूक अजून लागलेली नसते. भुकेला कोंडाही चालतो, म्हणूनच भुकेल्या माणसाला चाखायला बसवत नाहीत.

काल मॅडमनी फळ्यावर सूचना लिहून ठेवल्या होत्या. सेंट मारून यायचं नाही. तासभर आधीपासून चहा नाही. गुटखा, तंबाखू, बडीशेप काहीही तोंडात नको. सर्दी झाली असेल त्यानं आज वाट्या धुवायच्या, चाखायचं नाही. शेवटच्या सूचनेमुळं दोघांना अचानक सर्दी झाली होती म्हणे. मॅडमनी त्यांना खरंच वाट्या धुवायला बसवलं.

[दृश्य : पिठाच्या पाकिटांची रास. महिला बचत गटातल्या बायका पाकिटांची तोंडं सील करताना.]

या तीन तुकड्यांमागं एक खरीखुरी अडचण आहे. बीड जिल्ह्यातला एक महिला बचत गट बाजरीचं पीठ विकतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, शहरातनं मागणी वाढली, पाकिटं पुण्यापर्यंत जायला लागली. आणि तक्रारी यायला लागल्या : पीठ कडू निघतंय.

आपल्याकडच्या कुठल्याही बाईला यात नवल वाटणार नाही. बाजरी लागेल तेवढीच दळून आणायची, हे घराघरात ठाऊक असतं. बाजरीत तेलाचा अंश पाच टक्क्यांच्या आसपास असतो, गव्हापेक्षा कितीतरी जास्त. दाणा अख्खा आहे तोवर हे तेल आणि त्याला फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आपापल्या जागी असतात. गिरणीत दोघांची गाठ पडते. तेल फुटतं, पिठाला आधी कुबट वास येतो आणि मग कडवटपणा.

यावर उपाय आहे. दळण्याआधी बाजरी काही सेकंद कडकडीत गरम पाण्यातून काढायची आणि खडखडीत वाळवायची. उष्णतेनं विकराचं बळ मोडतं, पीठ जास्त दिवस टिकतं. गटानं तसं करूनही पाहिलं. पण अशा पिठाच्या भाकरीची चव बदलते का? गटातल्या दहा जणींना विचारलं तर दहा मतं आली. कुणी म्हणालं बदलते, कुणी म्हणालं नाही, एक म्हणाली आमच्या मालकाला तर कळलंच नाही. शेवटी प्रश्न या वर्गात आला.

[दृश्य : ज्वारीचं रान, रब्बीचा हंगाम. टपोरी, मोत्यासारखी कणसं.]

चवीवरून धान्याचं नशीब ठरतं, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. १९६४ साली सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. उतारा भरघोस होता. पण जुन्या माणसांपुढं 'हायब्रीड'च्या भाकरीचा विषय काढून बघा, चेहरा अजून वाकडा होतो. १९७२ च्या दुष्काळातल्या परदेशी लाल मिलो ज्वारीचं नाव तर काढूच नका. उलट मालदांडी, म्हणजे एम ३५-१, इतकी वर्षं झाली तरी बाजारात भाव खाऊन आहे, आणि त्याचं मोठं कारण तिची भाकरी. परभणीला कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये झालं, तिथलं अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ मध्ये. २०१८ साली याच विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण दिलं. लोह मोजायला यंत्र आहे. पण भाकरी तोंडात कशी लागते, ते माणसाला खायला घालूनच कळतं.

मात्र कुणालाही धरून आणून चाखायला बसवता येत नाही. तराजू वापरण्याआधी आपण काटा शून्यावर आहे का ते बघतो. या मुलांच्या जिभांचं तेच काम गेले काही आठवडे चाललंय.

[दृश्य : काचेच्या लहान पेल्यांची रांग, सगळ्यांत पाण्यासारखं दिसणारं द्रावण.]

पहिल्या तासाला मॅडमनी विचारलं, चवी किती? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, सहा. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. आयुर्वेदातले षड्रस आपल्याकडं सगळ्यांनाच पाठ असतात.

सेन्सरीच्या वर्गात यातल्या दोघांना वेगळ्या रांगेत बसवतात. तिखट ही जिभेच्या चवकळ्यांना कळणारी चव नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवतं. तो ग्राही १९९७ मध्ये सापडला आणि तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. ठेचा खाल्ल्यावर डोळ्यांतनं पाणी येतं ते म्हणूनच. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळं तांब्याभर पाणी ढोसूनही आग थांबत नाही. वाटीभर दह्यानं थांबते. तुरटपणाही स्पर्शातच मोडतो. कच्च्या केळातलं किंवा सुपारीतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि तोंड आवळल्यासारखं होतं.

या यादीत एक नवी चव येते : उमामी. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सारातून ती वेगळी काढली. वर्गात ही चव देणाऱ्या मोनोसोडियम ग्लुटामेटचं पातळ द्रावण फिरलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला,

"मॅडम, हे तर बसस्टँडवरच्या नूडल्सच्या गाड्यासारखं लागायलंय!"

मॅडम म्हणाल्या, तेच आहे.

जिभेचा तो नकाशाही याच तासाला पुसला गेला : टोकाला गोड, कडेला आंबट, मागं कडू. १९०१ सालच्या एका जर्मन निबंधाचा पुढं चुकीचा अर्थ लावला गेला आणि ते चित्र जगभरच्या पुस्तकांत जाऊन बसलं. खरं म्हणजे सगळ्या चवी चवकळ्या असलेल्या सगळ्या भागांत कळतात. मुलांनी कापसाच्या बोळ्यानं जिभेच्या कडेला साखरेचं पाणी लावून खात्री करून घेतली.

मग आल्या पीटीसी नावाच्या रसायनात भिजवलेल्या कागदी पट्ट्या. १९३१ मध्ये अमेरिकेतल्या आर्थर फॉक्स या रसायनतज्ज्ञाच्या हातून या पदार्थाची पूड उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, किती कडू आहे. फॉक्सना काहीच लागलं नव्हतं. जन्मजात फरक आहे हा, आणि त्यामागचा जनुकही २००३ मध्ये सापडला. वर्गात तेच झालं. एका मुलीनं पट्टी जिभेला लावली आणि थेट बेसिनकडं पळाली. तिच्या शेजारचा मुलगा ती पट्टी निवांत चघळत बसला होता.

"कागद लागायलाय नुसता. काय झालं हिला?"

ज्याला कळलं नाही त्याची जीभ वाईट, असं नाही. फक्त कडवटपणा पारखायच्या कामावर कुणाला बसवायचं, ते यातून ठरतं.

[दृश्य : मुलगी दोन बोटांनी नाक दाबून आंब्याची गोळी चघळते. नाक सोडते. डोळे मोठे होतात.]

हा प्रयोग तुम्ही आत्ता घरी करून बघू शकता. नाक घट्ट दाबा आणि आंब्याची गोळी तोंडात टाका. गोड लागेल, आंबट लागेल, पण आंबा लागणार नाही. नाक सोडा, आंबा येतो. आपण ज्याला चव म्हणतो तिच्यातला मोठा वाटा घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो. ताटावर बसलेल्या सर्दीवाल्याला काहीच गोड लागत नाही, त्यात स्वयंपाक करणारीचा दोष नसतो.

डोळे तर सर्रास फसवतात. मॅडमनी एक दिवस साखर आणि सायट्रिक आम्लाचं एकच पाणी तीन रंगांत दिलं. पिवळ्याला मुलांनी लिंबू लिहिलं, केशरीला संत्रं, हिरव्याला कुणी खस तर कुणी कैरी. एकानं पुढं जाऊन लिहिलं, 'केशरी जास्त गोड आहे.' हातात वही असल्यामुळं त्याला नंतर नाकारताही येईना.

सगळ्यांत चिवट काम उंबरठ्याचं. साखर, मीठ, आम्ल आणि कॅफिन यांची इतकी पातळ द्रावणं करायची की पहिल्या पेल्यात काहीच कळू नये, मग एकेक पायरीनं वाढवत न्यायचं. कुणाला दुसऱ्या पेल्यात मीठ कळतं, कुणाला पाचव्यात. इथं पाणी ऊर्ध्वपातित घ्यावं लागतं, कारण बोअरचं पाणी स्वतःच खारट. आणि पाण्याच्या बाबतीत ही मुलं आधीपासून तयार आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा ही शाळेत होती. बोअरचं कुठलं, टँकरचं कुठलं, जारचं कुठलं, हे ती ग्लास तोंडाला लावताक्षणी सांगतात. कुठल्याही अभ्यासक्रमाला हे शिकवावं लागलेलं नाही.

शिकवावं लागतं ते दुसरंच : मत न देणं. आपल्याकडं पाहुण्यानं कालवणाला नाव ठेवायचं नसतं. 'कसं झालंय?' याचं उत्तर 'झकास' एवढंच. मुलंही सुरुवातीला तशीच लिहायची : छान आहे, मस्त आहे. आवडनिवड विचारायचीच असेल तर तिच्यासाठी नऊ गुणांची पट्टी आहे. अमेरिकी सैन्याच्या अन्न संशोधन संस्थेत १९४० च्या दशकाअखेर ती तयार झाली. अत्यंत आवडलं याला ९, अत्यंत नावडलं याला १, आणि मधला ५ म्हणजे ना आवडलं ना नावडलं. पण ती पट्टी गिऱ्हाइकासमोर ठेवायची. शिकून तयार झालेल्या चाखणाऱ्याला आवडलं का, हे विचारायचं नसतं, कारण तो आता साध्या माणसासारखा जेवत नाही. तो फक्त फरक सांगतो.

[दृश्य : चाचणीची खोली. लाकडी फळ्या लावून केलेले बूथ, प्रत्येकात लाल दिवा.]

आज त्याचीच परीक्षा. तीस चाखणारे. समोरासमोर बसायचं नाही, कारण एकाच्या कपाळावरची आठी दुसऱ्याचं उत्तर ठरवते. गरम पाण्यातून काढलेल्या बाजरीचा रंग किंचित वेगळा येतो, म्हणून दिवे लाल. त्या उजेडात तिन्ही तुकडे सारखेच दिसतात. १, २, ३ किंवा क, ख, ग अशी नावं द्यायची नाहीत, पहिला म्हटलं की माणूस त्याला वरचढ मानतो. म्हणून तीन आकडी कोड. मांडणीचेही सहा क्रम होतात, आणि प्रत्येक क्रम पाच जणांच्या वाट्याला येतो.

भाकरी थापायला गटातल्याच एक मावशी आल्यात. दोन्ही पिठांच्या भाकरी एकाच तव्यावर, एकाच जाडीच्या. चाचणीसाठी गार होऊन चालत नाही आणि वाफाळती देऊनही चालत नाही, म्हणून डबे गरम ठेवलेत. दर तुकड्यानंतर कोमट पाण्याची चूळ.

"मॅडम, ठेचा असता तर लगेच ओळखलं असतं."

"ठेचा असता तर तुला फक्त ठेचाच कळला असता."

अर्ध्या तासात कागद गोळा झाले. उत्तर माहीत नसलं तरी एक कोड लिहायचाच, असा नियम आहे. म्हणजे नुसत्या अंदाजानंही तीसपैकी दहा जणांचं बरोबर येणार. फरक खरोखर आहे असं म्हणायला किमान पंधरा बरोबर लागतात. तेवढी उत्तरं नुसत्या नशिबानं बरोबर येण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी असते.

बरोबर निघाले बारा.

वर्गात टाळ्या पडल्या. चव बदलत नाही! मॅडमनी त्या टाळ्या तिथंच थांबवल्या. बाराचा अर्थ एवढाच की फरक आहे असं आपल्याला म्हणता येत नाही. फरक नाही असं सिद्ध करायला याहून बरीच जास्त माणसं लागतील. मुलांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली. कागदावर मात्र त्यांनी तसंच लिहिलं.

[दृश्य : परात. मावशी हात धुताना.]

मावशींना कुणी कागद दिलेला नव्हता. हात पुसता पुसता त्याच बोलल्या.

"चवीचं मला नका विचारू, म्या खाल्लंच नाही. पण ते दुसरं पीठ पाणी लई पितंय. आन् थापताना कडंला चिरतंय. पुण्याच्या बाईला ते जमायचं नाही."

उष्णता लागलेलं पीठ पाणी जास्त धरतं, हे पुस्तकात आहे. त्या सकाळी ते कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. कडा तर आधीच कापून टाकलेल्या होत्या.

पुढच्या गुरुवारच्या प्रॅक्टिकलमध्ये भाकरी चाखायची नाही, थापायची आहे. किती पिठाला किती पाणी लागतं ते मोजायचं, आणि पाकिटावर ते छापायचं की नाही हे गट ठरवेल. वर्गात भाकरी थापता येते असे चारच हात वर झाले. त्यातले दोन मुलग्यांचे होते.