आधी रीफ, मग रेनफॉरेस्ट: केर्न्सच्या सहलीचा क्रम असा लावा

नमस्कार मंडळी. ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सच्या पाच-सहा दिवसांच्या सहलीचा कुठलाही तयार कार्यक्रम उघडून बघा. पहिल्या दिवशी आराम, मग डोंगरावरच्या कुरंडा गावाची रेल्वे, मग डेनट्रीचं रेनफॉरेस्ट, म्हणजे घनदाट पावसाळी जंगल, आणि सगळ्यात शेवटी ग्रेट बॅरिअर रीफ, म्हणजे समुद्रातली प्रवाळांची रांग. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचं विमान. दोघांनी मिळून एवढा खर्च करून जायचं असेल, तर हा क्रम उलटा करा. पोहोचल्यावर एक रात्र नीट झोपा आणि लगेच रीफ गाठा.

(पडद्यावर नकाशा: केर्न्स, पोर्ट डग्लस, केप ट्रिब्युलेशन)

पहिलं कारण वारा. रीफची सहल पावसामुळे बिघडत नाही, वाऱ्यामुळे बिघडते. साधारण एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत इथे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. वारा 15 नॉटच्या आत, म्हणजे ताशी 28 किलोमीटरच्या आत असेल, तर समुद्र बरा असतो. 20 च्या वर गेला की बोट आपटायला लागते आणि पाणीही गढूळ होतं. 25 च्या पुढे तर बऱ्याच बोटी निघतच नाहीत. रीफ शेवटच्या दिवशी ठेवली आणि त्याच दिवशी वारा सुटला, तर ती गेलीच. सुरुवातीला ठेवली तर पुढे सरकवता येते, मध्ये जंगल उरकून घेता येतं. जंगलाला पावसाचं वावडं नाही, उलट भिजलेलं जंगल जास्त छान दिसतं.

दुसरं कारण स्कूबा. हवेच्या टाकीवर पाण्याखाली गेलात की रक्तात आणि स्नायूंमध्ये जादा नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच कमी दाबाच्या जागी गेलात तर त्याचे बुडबुडे होतात. त्यामुळे एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान 12 तास, आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह असतील तर किमान 18 तास थांबायचं असतं. बरेच बोटवाले सरळ 24 तास सांगतात, तेच पाळा. हा नियम फक्त विमानाला नाही, डोंगरालाही लागू आहे, आणि इथेच गफलत होते. 300 मीटरच्या वरची चढण त्यात मोजतात. कुरंडा त्याच्या वर आहे, आणि ॲथरटनचं पठार सातशे मीटरच्या आसपास. सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी पठारावरच्या बंगल्यात मुक्काम, हे चालत नाही. डेनट्रीचा किनाऱ्यालगतचा भाग मात्र समुद्रसपाटीला आहे. म्हणून रीफ, मग डेनट्री, मग कुरंडा. नुसतं स्नॉर्कलिंग, म्हणजे नळीतून श्वास घेत पाण्यावर तरंगत बघणं, करणार असाल, तर विमानाची ही अट तुम्हाला नाही.

आता महिना. डिसेंबर ते एप्रिल पाऊस आणि चक्रीवादळांचा काळ. डिसेंबर 2023 मध्ये जॅस्पर चक्रीवादळानंतर झालेल्या पावसाने डेनट्रीकडचे रस्ते तुटले होते. नोव्हेंबर ते मे किनाऱ्यालगत विषारी जेलीफिश असतात: बॉक्स जेलीफिश आणि नखाएवढी इरुकांजी. जून-जुलै कोरडे, पण वारा जोरात आणि पाणी 23 अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याला गारच. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर यांत वारा पडलेला, पाऊस नाही, जेलीफिशचा मोसम अजून सुरू व्हायचा. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात येत असेल तर ती सोडू नका.

जेलीफिशसाठी अंगभर लायक्राचा सूट मिळतो, बोटीवरच देतात. तो घालताना लाजू नका, उन्हालाही तोच उपयोगी. दंश झालाच तर पाणी ओतायचं नाही, चोळायचं नाही. किमान 30 सेकंद व्हिनेगर ओतायचं आणि 000 ला फोन करायचा. इथल्या किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या खांबाला लावून ठेवलेल्या असतात.

बोट कुठली घ्यायची? बाहेरच्या रीफला पोहोचायला दीड ते दोन तास लागतात. दोघांपैकी एकाला पोहता येत नसेल, तर रीफवर तरंगता फलाट, म्हणजे पॉन्टून असलेलीच बोट घ्या. तिथे पायऱ्यांवरून पाण्यात उतरता येतं, आणि काचेच्या तळाची बोट आणि पाण्याखालून बघायची अर्धपाणबुडीही असते. दोघंही पोहणारे असाल तर लहान बोट बघा: माणसं कमी आणि दिवसात दोन-तीन जागा. पोर्ट डग्लसहून एजिनकोर्ट रीफ, केर्न्सहून नॉर्मन, सॅक्सन, हेस्टिंग्ज या चांगल्या जागा. ग्रीन आयलंड 45 मिनिटांवर आहे, सोयीचंही आहे, पण फक्त प्रवाळासाठी एवढ्या लांब गेला असाल तर बाहेरची रीफच बघा.

मळमळीची गोळी, म्हणजे बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी, बोट सुटण्याआधी तासभर घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. ती कुठली घ्यायची हे घरून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. खालच्या मजल्यावर मोबाइल बघत बसू नका. मागच्या बाजूला मोकळ्या हवेत, नजर क्षितिजावर.

(मास्क हातात घेऊन)

आता हा मास्क. पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर धरायचा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला किंवा हवा आली तर दुसरा मागा. पट्टा करकचून ओढून गळका मास्क बसत नाही, उलट रबर दुमडून जास्त गळतो. मिशी असेल तर पाणी तिथूनच शिरतं, नाकाखालची पट्टी तेवढी काढली तरी काम होतं. केसांची एक बट आत राहिली तरी गळतो, म्हणून केस आधी मागे घ्या. काच धूसर होऊ नये म्हणून आतून थुंकी किंवा बेबी शॅम्पूचा थेंब फिरवायचा आणि एकदाच विसळायचं. चष्मा असेल तर नंबर बुकिंग करतानाच कळवा, बऱ्याच बोटींवर मायनस नंबरचे मास्क असतात. आणि एक खास आपल्याकडचं: मंगळसूत्र, साखळ्या हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. जोडवीही काढा, फिनच्या, म्हणजे पायात घालायच्या रबरी पंखांच्या आत ती बोटाला घासून अर्ध्या तासात कातडी सोलतात.

मालवणला रिंग धरून, गाइडच्या आधाराने स्नॉर्कलिंग केलं असेल, तर फरक लक्षात घ्या. इथे तुम्ही आपापले पोहता, लाइफगार्ड वरून पाहतो. उतरण्याआधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. त्यात दमा, हृदयविकार, रक्तदाब, जे असेल ते खरं लिहा. मेलबर्न-सिडनीला मुलांकडे आलेल्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तर नक्कीच. साठी ओलांडलेल्यांना वेगळ्या रंगाची खूण आणि तरंगायला आधार देतात. त्यात अपमान वाटून घेऊ नका. स्नॉर्कलिंग दिसायला सोपं असतं, पण नळीतून श्वास घेत लाटेशी झगडताना हृदयावर खरोखर ताण येतो.

जोडप्यांचं एक नेहमीचं: चांगला पोहणारा पुढे निघतो, मागचा दमतो आणि घाबरतो. म्हणून पुढे नेहमी हळू पोहणाऱ्याने राहायचं. दुसऱ्याने त्याच्या बाजूला, हाताच्या अंतरावर. प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने सुरुवात करा, म्हणजे परत येताना प्रवाहच तुम्हाला बोटीकडे आणेल. मदत हवी असेल तर हात वर करून हलवायचा, म्हणून फोटोसाठी हात हलवू नका.

आत डोकावल्यावर काहींची निराशा होते: फोटोतले रंग कुठे गेले? पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं, पाचेक मीटरवर तो जवळजवळ संपतो. शिवाय निरोगी प्रवाळ बहुतेक तपकिरी, शेवाळी, मेंदी रंगाचाच असतो, कारण त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याला अन्न पुरवतं. पाणी फार तापलं की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षं हे मोठ्या प्रमाणावर झालं, 2024 मध्ये पुन्हा. पांढरा म्हणजे मेलेला नाही, पाणी वेळेत थंड झालं तर तो सावरतो. मेलेला ओळखायचा तो त्यावर चढलेल्या मळकट केसाळ शेवाळावरून. एखाद्या शिंगासारख्या फांदीचं टोक जवळून बघा: फिकट, जवळजवळ पांढरं, कधी निळसर असेल. तिथे प्रवाळ नव्याने वाढतोय. सकाळी साडेदहा ते दोन, ऊन डोक्यावर असताना हे नीट दिसतं. उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही. दमलात तर पाठीवर उताणे व्हा. फिनची एक लाथ अशा फांद्या मोडते.

मोसमी गम्मत हवी असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबरमधली पौर्णिमा बघा. पौर्णिमेनंतरच्या काही रात्री प्रवाळ एकाच वेळी बीजं सोडतात. त्यासाठी रात्रीची खास डाइव्ह बुक करावी लागते.

रीफ झाली, आता डेनट्री. केर्न्सहून केप ट्रिब्युलेशन साधारण 140 किलोमीटर. गाडी डाव्या बाजूने, म्हणजे आपल्यासारखीच, आणि इंग्रजीतलं भारतीय लायसन्स पर्यटकाला चालतं. डेनट्री नदीवर पूल नाही, दोरखंडावर चालणारी फेरी आहे. ती ओलांडण्याआधी पेट्रोल भरा आणि नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, पलीकडे मोबाइलची रेंज फारशी नाही. विजेची सार्वजनिक लाइनही तिकडे नाही, सगळं सौर किंवा जनरेटरवर. म्हणून खोली बुक करताना एसी रात्रभर चालतो का, हे विचारा. शक्य असेल तर पलीकडे एक रात्र राहाच. दिवसाच्या सहलीत जंगलाचा अर्धा भाग, म्हणजे रात्रीचा, हुकतो.

हे रेनफॉरेस्ट 1988 मध्ये जागतिक वारसा झालं, रीफ 1981 मध्ये. केप ट्रिब्युलेशनला दोन्ही एकाच किनाऱ्यावर भेटतात. 2021 मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी इथल्या मूळ रहिवाशांकडे, पूर्व कुकू यलांजी लोकांकडे परत आली. मॉसमन गॉर्ज या नदीच्या घळीत त्यांच्यासोबतची पायवाट घ्या, झाडं कशाच्या उपयोगाची ते कळतं. गॉर्जमध्ये पाऊस झाल्यावर पाण्यात उतरू नका, प्रवाह फसवा आहे.

मार्जा फळीवाट चुकवू नका. अर्ध्या-एक तासाच्या चालीत तुम्ही घनदाट जंगलातून खारफुटीत येता. पंख्यासारख्या पानांचे ताड दिसतात. आणि झाडांच्या बुंध्यांकडे डोळ्यांच्या उंचीवर बघत चला. तिथे बॉइड्स फॉरेस्ट ड्रॅगन नावाचा सरडा खोडाला चिकटून बसलेला असतो, मानेवर काट्यांचा तुरा. तुम्ही एक पाऊल बाजूला टाकता, तो तेवढाच खोडाभोवती पलीकडे सरकतो, म्हणून दोघांनी दोन बाजूंनी जायचं.

वाट सोडायची नाही, कारण जिम्पी-जिम्पी. हृदयाच्या आकाराची मोठी पानं, आणि त्यांवरचे काचेसारखे बारीक केस. आपल्या खाजकुइलीच्या कित्येक पट वाईट. वेदना दिवसच काय, महिनेही परत परत येते. लागलंच तर चोळू नका, मेणपट्टीने केस उपटून काढा आणि दवाखाना गाठा.

कॅसोवरी पक्षी रस्त्यावर येतो, म्हणून गाडी सावकाश. समोर आला तर पळू नका, पाठ दाखवू नका. बॅग त्याच्या आणि तुमच्या मध्ये धरून मागे सरका. त्याच्या आतल्या बोटाला कट्यारीसारखं नख असतं. खायला अजिबात घालू नका, माणसांकडून खाणं मिळालेला कॅसोवरीच अंगावर येतो.

मगरींबद्दल तडजोड नाही. नदी, खाडी, खारफुटी, आणि इथले किनारेसुद्धा. पाण्यापासून किमान पाच मीटर दूर राहा, काठावर वाकून हात धुऊ नका. मगर बघायची तर नदीतल्या तासाभराच्या बोटीतून. इथल्या थंडीच्या महिन्यांत, म्हणजे जून ते ऑगस्ट, ओहोटीला त्या चिखलावर ऊन खात पडतात, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून बुक करा.

शेवटी कुरंडा, म्हणजे डाइव्हनंतर पुरेसा वेळ गेलेला असतो. सकाळी रेल्वेने वर जा. 1891 पासूनचा मार्ग आहे, 15 बोगदे, पावणेदोन-दोन तास. बॅरन फॉल्सला गाडी थोडा वेळ थांबते. परतताना साडेसात किलोमीटरच्या स्कायरेल नावाच्या रोपवेने, जंगलाच्या माथ्यावरून. मधल्या दोन्ही थांब्यांवर उतरा, नाहीतर जंगल फक्त वरून बघून येता. कोरड्या महिन्यांत बॅरन फॉल्सला पाणी अगदी कमी असतं, धबधब्यासाठीच जाणार असाल तर मार्चमध्ये जा आणि रीफच्या पाण्याचा गढूळपणा सोसा.

सामान भरतानाची एक गोष्ट. खाण्याचं जे काही नेणार, लाडू, लोणचं, मसाले, ते सगळं विमानातल्या प्रवासी कार्डावर लिहायचं. लिहिलेलं फार तर ते काढून घेतात, न लिहिलेलं सापडलं तर मोठा दंड. ट्रेकचे बूट असतील तर तळव्यांची माती घासून धुऊन न्या, तेही तपासतात.