पऱ्हाटीतलं विष, परदेशातली बंदी

(दृश्य: यवतमाळ जिल्हा, सप्टेंबर. छातीपर्यंत आलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. पाठीवर पंप घेतलेला मजूर.)

सकाळचे आठ वाजलेत. रात्री पाऊस पडून गेलाय, वावरात पाय रुततोय आणि ऊन आत्तापासूनच चटके देतंय. धुऱ्यावर पाण्याचा निळा ड्रम आहे, शेजारी तीन बाटल्या. एक अळीसाठी, एक तुडतुड्यांसाठी आणि एक टॉनिक. तिन्ही एकाच पंपात जाणार, कारण तीनदा फवारायचं म्हणजे तिप्पट मजुरी. माप बाटलीच्या झाकणानं. ढवळायला बाभळीची काडी.

मजुरी पंपावर ठरलेली आहे. जितके पंप, तितके पैसे. तोंडाला दुपट्टा, अंगात जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, पाय उघडे. पंपातून द्रावण झिरपत राहतं आणि तासाभरात पाठ ओली होते. त्यात घाम किती आणि औषध किती, हे त्यालाही सांगता यायचं नाही.

(दृश्य: बाटलीचं लेबल, अगदी जवळून.)

हा कोनावर उभा केलेला चौकोन पाहा. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल असेल तर वर कवटी आणि हाडं. सोबत घडी घातलेली पत्रिका मिळते, अनेक भाषांत, मुंगीएवढ्या अक्षरांत. हातमोजे घाला, चष्मा लावा, मास्क, बूट, अंगभर कपडे घाला, असं तीत लिहिलेलं असतं. गावात कुठंही विचारा, उत्तर एकच मिळेल: "एवढ्या उकाड्यात कोन घालते, भाऊ?" हा आळस नाही. दमट उन्हात, चिखलात, पाठीवर भरलेला पंप घेऊन तसा पोशाख दिवसभर अंगावर ठेवता येत नाही. ज्यांनी ती पत्रिका लिहिली, त्यांनाही आला नसता.

२०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात दाखल झाले. कित्येकांना काही दिवस दिसेनासं झालं होतं. त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली होती आणि किडीचा जोर होता. फवारा वर मारावा लागत होता आणि तुषार तोंडावर येत होते. चौकशी पथक नेमलं गेलं, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. बोट मात्र पुन्हा पुन्हा मजुराकडेच वळलं: त्यानं मास्क लावला नाही, त्यानं औषधं एकत्र केली.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, डायफेंथियुरॉन ही नावं तेव्हा पुढं आली. या तिन्हींना युरोपीय संघात परवानगी नव्हती. डायफेंथियुरॉन तर स्वित्झर्लंडहून येत होतं आणि त्या देशाच्या स्वतःच्या शेतात ते २००९ पासून बंद होतं.

(दृश्य: कृषी केंद्राची फळी. ओळीनं लावलेल्या बाटल्या.)

हे कशाच्या आधारावर चालतं? गरीब देशाला श्रीमंत देशांइतके कडक नियम लावू नयेत, असा एक युक्तिवाद आहे आणि तो ऐकण्यासारखा आहे. १९९२ मध्ये रिओच्या वसुंधरा परिषदेत जगानं २७ तत्त्वं मान्य केली. सातवं तत्त्व सांगतं, की पृथ्वी सांभाळण्याची जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. अकरावं सांगतं, की काही देशांचे पर्यावरणाचे निकष विकसनशील देशांना गैरलागू आणि न परवडणारे ठरू शकतात.

कार्बनच्या बाबतीत हे मला शंभर टक्के पटतं. अमेरिकेतला माणूस वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतातला सरासरी दोन टन. विदर्भातला कोरडवाहू शेतकरी त्या दोन टनांच्याही आसपास नसेल. हवेत साठलेला धूर ज्यांच्या दीडशे वर्षांच्या कारखानदारीचा आहे, त्यांनी आधी आणि जास्त आवरतं घ्यावं, पैसा आणि तंत्रज्ञान द्यावं. इथल्या विहिरीवरची मोटार रात्री चालते की दिवसा, हाच जिथं प्रश्न आहे, तिथं बर्लिनचं वेळापत्रक लावू नये.

पण हीच सवलत विषाला लावली, की सगळं उलटं होतं. कार्बनचा नियम सैल ठेवला तर गरिबाला वीज मिळते. विषाचा नियम सैल ठेवला तर गरिबाच्या रक्तात विष जातं. सवलत देशाच्या नावावर मिळते, किंमत मोजतो तो पंपवाला.

मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरातलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) बंद पाडतात. मग नसांचे संदेश थांबतच नाहीत. लाळ गळते, बाहुली बारीक होते, श्वास अडकतो. कॅलिफोर्नियात अशी औषधं नियमित हाताळणाऱ्या कामगाराच्या रक्तातलं हे विकर तपासत राहणं कायद्यानं बंधनकारक आहे. पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली, की त्याला त्या कामावरून हटवावं लागतं. तिथं कामगाराला प्रशिक्षण आहे, साधनं आहेत, हवा कोरडी आहे. एवढं सगळं असूनही तिथला नियम इतका कडक. इथं यातलं काहीच नाही, आणि म्हणून नियम ढिला?

नियम वेगळा हवाच. पण इथला नियम जास्त कडक हवा.

ही काही माझीच कल्पना नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची कीटकनाशकांबाबत एक आचारसंहिता आहे. तीत म्हटलंय, की ज्या औषधासाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ते टाळावं, आणि विशेष करून उष्ण प्रदेशातले लहान शेतकरी व शेतमजूर यांच्या बाबतीत. म्हणजे नेमकं हे वावर. आचारसंहिता बंधनकारक नाही, तिथंच सगळं अडतं. रिओच्याच जाहीरनाम्यातलं चौदावं तत्त्वही असंच आहे. आरोग्याला घातक पदार्थ एका देशातून दुसऱ्या देशात ढकलले जाऊ नयेत, यासाठी देशांनी एकमेकांना साथ द्यावी, असं ते सांगतं. अकराव्याची आठवण सगळ्यांना असते, चौदाव्याची फारशी कुणी काढत नाही.

(दृश्य: द्राक्षबाग, पेट्या भरणारे हात.)

कडक नियम आपल्याला झेपत नाहीत, असंही नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडली, तेव्हा नाशिकच्या बागाईतदारांना हिशेब चोख ठेवावाच लागला. जिथं वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथं किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढाच अंश युरोपात चालतो. तो आकडा खाणाऱ्याला जपतो. पऱ्हाटी कुणी खात नाही, म्हणून विदर्भातल्या फवारणीची चौकशी करायला बाहेरून कुणी येत नाही.

स्वस्त औषध बंद झालं तर लहान शेतकरी बुडेल, हे आपल्याकडे दर वेळी ऐकायला मिळतं. श्रीलंका काही श्रीमंत देश नाही. तिथं १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस गेलं, १९९८ मध्ये एन्डोसल्फान, पुढं पॅराक्वाटसह आणखी काही. त्यानंतरच्या दोन दशकांत तिथला आत्महत्यांचा दर सत्तर टक्क्यांच्या आसपास घटला आणि या बंदींमुळे पिकांचं उत्पादन घटल्याचं दिसलं नाही. २०२१ मध्ये तिथं रासायनिक खतांवर एका रात्रीत आलेली बंदी ही निराळी गोष्ट, तिची गल्लत करू नये. जिथं घराच्या कोपऱ्यात मोनोक्रोटोफॉसची बाटली ठेवलेली असते, त्या विदर्भानं श्रीलंकेचा हा अनुभव नीट वाचायला हवा.

आपल्याकडे २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर बंदी आली. २०२० मध्ये आणखी २७ बंद करण्याचा मसुदा निघाला, त्यातली मोजकीच २०२३ मध्ये प्रत्यक्ष बंद झाली. मोनोक्रोटोफॉसचं नेहमीचं द्रावण त्यात आलं, पण मुदत देऊन. तिकडे स्वित्झर्लंडनं १ जानेवारी २०२१ पासून पाच रसायनांची निर्यातच थांबवली, त्यात डायफेंथियुरॉन आणि प्रोफेनोफॉसही आहेत. फ्रान्सनं २०२२ पासून तसाच कायदा लागू केला. हे आपोआप घडलेलं नाही. २०२० मध्ये यवतमाळच्या बाधित कुटुंबांनी थेट स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली होती. डायफेंथियुरॉन बनवणाऱ्या कंपनीनं आरोप नाकारले. तरी कर्त्या माणसाला गमावलेल्या घराला न्याय मागायला सातासमुद्रापार जावं लागतं, हे मला पचत नाही.

(दृश्य: तालुक्याचा दवाखाना, बाहेरचा बाक.)

पुढच्या खरिपाच्या आधी लाल चौकोनाच्या बाटल्या कृषी केंद्राच्या फळीवरून उतरवता येतील. कोलिनेस्टरेजची तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात आणता येईल, म्हणजे फवारणीच्या हंगामात मजुराला चक्कर येण्याची वाट पाहावी लागणार नाही. किडींना वासानं ओढून पकडणारे कामगंध सापळे, निंबोळी अर्क, मित्रकिडी यांना अनुदान देता येईल, आणि त्याचा मोठा वाटा ज्या देशांनी इतकी वर्षं ही रसायनं विकली त्यांच्याकडून हक्कानं मागता येईल. हवामान परिषदेत आपण श्रीमंत देशांकडे पैसे मागतोच. त्याच टेबलावर यवतमाळचीही फाईल ठेवावी.