गोष्ट कुठे वळली?

(दृश्य: सातवीचा वर्ग. मधली सुट्टी नुकतीच संपली आहे. डबे दप्तरात कोंबत मुलं जागेवर बसतायत.)

आज बाईंनी पुस्तकं मिटून ठेवायला सांगितलीत. गोष्ट कालच वाचून झाली. बाईंच्या हातात आहेत जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांतून कापलेल्या सहा पट्ट्या. एकेका पट्टीवर गोष्टीतली एकेक घटना, जाड स्केचपेननं लिहिलेली.

गोष्ट आहे ‘श्यामचे पोहणे’, साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधली. हे पुस्तक त्यांनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरुवात केली आणि १३ तारखेला हातावेगळं केलं. त्याआधी काही वर्षं ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. पुस्तकात प्रकरणांऐवजी रात्री आहेत, एकूण ४२. रोज रात्री श्याम आपल्या मित्रांना आईची एक आठवण सांगतो.

एवढ्या नावाजलेल्या पुस्तकाची एक पंचाईत असते. वाचायच्या आधीच मुलांना उत्तर पाठ असतं. बाईंनी काल विचारलं, ‘‘ही गोष्ट कशाबद्दल आहे?’’ अख्खा वर्ग एका सुरात, ‘‘आईच्या प्रेमाबद्दल!’’

चूक नाही. पण हे उत्तर बेचाळीसही रात्रींना चालतं, आणि सगळीकडे चालणारं उत्तर लिहायला गोष्ट वाचावी लागत नाही.

दोष मुलांचा नाही. लहानपणापासून गोष्ट संपली की खाली ठळक अक्षरात ‘तात्पर्य’ आलेलं त्यांनी पाहिलंय. सहावी-सातवीत स्वाध्यायात ‘मध्यवर्ती कल्पना’ विचारली जाते, आणि मुलं तिथेही तात्पर्यच लिहून मोकळी होतात. गाईडमध्ये तर ते आयतंच मिळतं. या गोष्टीचं तात्पर्य काय, तर पोहायला शिकावं. मग श्यामच्या डोळ्यांतल्या पाण्याचं काय करायचं?

(दृश्य: फळ्यावर सहा पट्ट्या. कोपरे चिकटपट्टीनं डकवलेले.)

गावातली मुलं विहिरीवर पोहायला निघतात. श्याम घाबरून माळ्यावर लपतो. आई त्याला ओढून काढते, शिंपटीनं मारते. श्याम विहिरीत पडतो आणि हातपाय मारतो. दुपारी आई त्याला दही देऊ करते. श्याम अंगावरचे वळ दाखवतो, आणि आईचे डोळे भरून येतात.

‘शिंपटी’ म्हणजे झाडाची बारीक फांदी, हे समजण्यात इथे पाच मिनिटं जातात. जाऊ देत. विहिरीचं मात्र समजावून सांगावं लागत नाही. पाठीला रिकामा डबा बांधून पहिल्यांदा पाण्यात पडलेले निदान चौघं या वर्गात आहेत, आणि ढकलणाऱ्या काकाचं नाव अजून ते दात-ओठ खात घेतात.

आता खेळ सुरू. एक पट्टी काढायची आणि उरलेली गोष्ट मोठ्यानं वाचायची. चालतेय का?

पहिली पट्टी निघाली. गोष्ट जरा लंगडली, पण चालली. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठतो आणि शेवटच्या दोन पट्ट्या एकदम काढतो. दही गेलं, वळ गेले. वर्ग वाचतो. मुलगा लपला, आईनं मारलं, मुलगा पोहला. संपलं.

‘‘बाई, ही तर नुसती मार खाल्ल्याची गोष्ट झाली.’’

या वाक्यासाठी बाई काल रात्री कात्री घेऊन बसल्या होत्या.

कारण सगळ्यांनी महत्त्वाची घटना म्हणून विहिरीवर बोट ठेवलं होतं. तिथे पाणी उडतं, आरडाओरडा होतो, शिवाय शीर्षकातच ‘पोहणे’ आहे. पण विहिरीत श्यामची भीती जाते, एवढंच. गोष्ट वळते ती दुपारी, घरात. सकाळी मारणारा हात आता दही पुढे करतोय आणि मुलगा रुसून बसलाय. मार का दिला, हे तिथे कळतं. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणून हिणवलेलं तिला सोसणार नाही.

बाई फळ्यावर लिहितात, ‘आईचं प्रेम’, आणि पुढे एक लांब रेघ ओढतात. ‘‘बरं, प्रेम. पण प्रेमाचं काय? रेघ भरा. आणि गोष्टीतली कुठली पट्टी तुमच्या बाजूनं आहे, तेही सांगा.’’

आता वर्ग गप्प. पेनांची टोकं तोंडात.

खिडकीजवळची मुलगी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिते, ‘भीती श्यामला पाण्याची वाटते आणि आईला लोकांची.’ पट्टी कुठली? शेवटची.

हे कुठल्याच गाईडात सापडणार नाही. मोठ्यांपैकीही किती जणांना सुचलं असतं, शंकाच आहे.

एकाला मात्र हे पटत नाही. ‘‘पण मारायचं कशाला? शाळेत मारलं तर कायद्यानं गुन्हा आहे.’’ बरोबर आहे त्याचं; २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेत शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे. बाई त्याला गप्प बसवत नाहीत. त्या एवढंच विचारतात, ‘‘मारल्याचं आईला बरं वाटलं, असं गोष्टीत कुठे आहे?’’ तो पुस्तक उघडून शोधायला लागतो. तास संपल्याची घंटा होते, तरी त्याची मान खालीच.

(दृश्य: दुसरा दिवस. गटागटानं जमिनीवर बसलेली मुलं, मध्ये कात्र्या आणि कागद.)

आज पट्ट्या मुलांनीच करायच्या आहेत. गोष्ट याच पुस्तकातली, ‘अळणी भाजी’. ही निवड जरा खट्याळ आहे, कारण तिच्यात विहीर नाही, मार नाही, धावपळ नाही. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवतात. मुलं जेवतात. मिठाचं नाव कुणी काढत नाही. शेवटी आई जेवायला बसते आणि पहिल्या घासाला तिला कळतं.

एका गटाचं भांडण जुंपलंय. पट्ट्या पाच झाल्यात, पण मधली घटना काय लिहायची? ‘वडील जेवले’? जेवतात तर सगळेच. ‘वडील गप्प बसले’? ‘‘अरे, गप्प बसणं ही काय घटना असते का?’’ एक जण वैतागतो.

बाई शेजारून जातात. ऐकतात, बोलत नाहीत.

थोड्या वेळानं त्या गटाचा कागद भिंतीवर लागतो. पहिल्या पट्टीवर मीठ राहिलेलं. शेवटच्या पट्टीवर आईचा पहिला घास. आणि बरोबर मध्ये, चारी बाजूंनी लाल स्केचपेननं चौकट आखलेली, एक कोरी पट्टी.